हात, मग केस

उर्वेने काढलेला माणूस
सप्टेंबरपासून ट्रामच्या थांब्यावर उभा आहे.
आता फेब्रुवारी.
आजवर त्याचा हात खांद्यापर्यंत पोचलाय.

रस्त्यापलीकडून एक बाई हात हलवते.
याला वाटतं, आपल्यालाच.
हा हात उंचावतो, घाईघाईने ओळखीचं हसू जुळवतो,
आणि मग कळतं,
ती याच्या मागे उभ्या असलेल्याला हलवत होती.
आता वर गेलेल्या या हाताचं करायचं काय?

एवढाच सिनेमा. चार मिनिटांचा.

सेकंदाला बारा कागद.
हात वर जायला नऊ पुरतात.
खाली यायला, तिने मोजले, एकेचाळीस.
कारण तो सरळ खाली येत नाही.
हवेत थबकतो, पत्ता चुकलेल्या पोस्टमनसारखा,
मग केसांकडे वळतो,
नीटच असलेले केस नीट करतो,
तिथून कानामागे, कानामागून कॉलरला,
आणि शेवटी खिशात,
जिथे हातमोजा आधीच बसलेला,
म्हणून मनगटाशीच अडतो.

तालिनमध्ये, कोपलीच्या बाजूला,
एका बंद पडलेल्या धुलाईघराच्या तिसऱ्या मजल्यावर
ती हे काढते.
हीटर एकाच अंगाने तापतो.
दिवसा दाताच्या दवाखान्यात फोन घेते,
बधिर ओठांनी आभार मानणारी माणसं बघते,
आणि त्यांचे ओठ पावतीच्या मागे उतरवून आणते.

निधीच्या अर्जात एक रकाना होता:
पात्राला नेमकं काय हवं आहे?
तिने लिहिलं, कुणी पाहिलं नसावं, एवढंच.
पैसे मिळाले नाहीत.
पुढच्या वर्षी लिहिलं,
आधुनिक माणसाच्या एकटेपणाचा शोध.
थोडे मिळाले.
त्या वाक्याची आठवण आली
की आजही ती एकटीच्या खोलीत कानकोंडी होते.

आवाजासाठी खालच्या वर्कशॉपमधल्या वाल्दुरला बोलावलं.
बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला माणूस.
नमस्कार म्हणायच्या आधी घशात जे होतं ना, ते हवंय, ती म्हणाली.
त्याने एकोणीस वेळा करून दाखवलं.
विसाव्या वेळी म्हणाला,
खरं सांगू? मी आवाज करतच नाही. मी बूट बघतो.

मग दारात निरोप झाला.
व्यवस्थित, हात हातात घेऊन, शुभरात्री म्हणून.
आणि दोघांनाही जिना उतरायचा होता.

तीन मजले.
निरोप घेऊन झालेली दोन माणसं
एकमेकांच्या पुढेमागे,
तिच्या किल्ल्या, त्याचा खोकला.
तळाला त्याने टपालपेटी उघडली
आणि तिच्या रिकामेपणात
बराच वेळ डोकावत राहिला,
ती पुढे निघून जावी म्हणून.
ती खिशातल्या खिशात बोटांवर मोजत होती.
साठ. बहात्तर. शंभराच्या वर.

त्या रात्री घरी न जाता ती परत वर आली.
पाच महिने एका हातावर घालवले,
आणि रस्त्यापलीकडची बाई
एकाच कागदावर तशीच राहिली होती,
हात वर, चेहरा नाही.
तिला उत्तर कुणी दिलं?
मागच्या माणसाने पाहिलंच नव्हतं,
तो मोबाईलमध्ये होता, उर्वेनेच तसा काढला होता.
दिलं ते फक्त भलत्यानेच.

तिने नवा कागद लावला.
बाईला डोळे दिले.
मग तो हात हळूहळू,
नऊ नाही, एकेचाळीसही नाही,
त्रेपन्न कागदांत,
केसांपर्यंत आणला.

आता दोन्ही फुटपाथांवर
दोन माणसं केस नीट करतात,
एकाच वेळी,
आणि दोघांनाही ते दिसतं.

हसायचं की नाही,
हे तिने अजून काढलेलं नाही.

मधून ट्राम जाते.
सव्वीस कागद.
ट्राम काढायला सोपी आहे.
तिला हात नसतात.